सायफन म्हणजे फुकटचा पंप? नाही हो

तलाव रिकामा करायचा म्हटलं की कोणीतरी हमखास म्हणतंच, पंप कशाला, सायफन (बांधावरून पलीकडे खाली उतरवलेला, पाण्याने भरलेला पाइप) लावा, पाणी कितीही उंच बांधावरून आपोआप येतं. हे अर्धंच खरंय.

सायफनला पाणी चढवून देणारी हवा असते, तलावावर दाबून बसलेली, आणि तिची ताकद समुद्रसपाटीला साधारण 10 मीटर पाण्याइतकीच. म्हणजे पाण्यापासून पाइपचा माथा त्याहून उंच असेल तर विषय संपला, आणि प्रत्यक्षात 6-7 मीटरच्या वर गेलं की माथ्याला दाब इतका कमी होतो की पाण्यात विरघळलेली हवा सुटते, बुडबुडे जमतात, धार तुटते. गंमत म्हणजे काठावर ठेवून पाणी ओढणाऱ्या पंपालाही हीच मर्यादा आहे, पाण्यात सोडलेल्या सबमर्सिबलला मात्र नाही, कारण तो ओढत नाही, ढकलतो.

दुसरं, पाइपचं बाहेरचं तोंड तलावातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली पाहिजे म्हणजे पाहिजेच. बादलीत नळी घालून बघा, बाहेरचं टोक हळूहळू वर उचला, धार बारीक होते आणि पातळी जुळली की बंद. तलावातही तेच, पाणी उतरत जाईल तसा सायफन मंदावतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या वेगावरून हिशोब करू नका.

आणि सुरू करताना पाइप पूर्ण भरावा लागतो: दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद, माथ्यावरून पाणी ओतायचं, हवा निघाली की झाकण घट्ट, मग व्हॉल्व्ह उघडायचे. भरायला बहुतेकदा छोटा पंपच लागतो!