जबड्याच्या फ्रॅक्चरची नोंद आणि कोडिंग (पुणे)

खालचा जबडा मोडला की दुखापतीचे वर्णन केसपेपरवर उतरते. पुढे त्या वर्णनाला ठरावीक वर्गीकरणातला संकेतांक दिला जातो. यातली पहिली पायरी डॉक्टरची, दुसरी कोडरची. पुण्यात या दोन्ही पायऱ्यांचे काम चालते, पण बहुतेकदा एकाच रुग्णासाठी नाही. ससूनसारख्या रुग्णालयांच्या अपघात विभागात शहरातल्या आणि आसपासच्या जखमींचे कागद तयार होतात, तर हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचून कोड लावले जातात. हे कोड लावणाऱ्यांत बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी), बीएचएमएस, बी. फार्म. झालेले पुष्कळ जण असतात.

दुचाकीवरून हनुवटीवर पडल्यावर होणारी इजा ठरावीक वळणाची असते. हनुवटीच्या एका बाजूला, म्हणजे पॅरासिम्फिसिसला भेग जाते आणि विरुद्ध बाजूच्या कानापुढची खुंटी, म्हणजे कॉन्डाइल, मोडते. जबडा घोड्याच्या नालेसारखा असल्याने एका जागचा मार दुसरीकडे पोचतो. म्हणून एक फ्रॅक्चर सापडले तरी दुसरे शोधायचे, हे निवासी डॉक्टरांना पहिल्यापासून शिकवले जाते. हेल्मेट हा पुणेकरांचा जुना वादविषय. पण अर्धे हेल्मेट घातले तरी हनुवटी उघडीच राहते. केसपेपरवर मात्र या सगळ्याचे पुष्कळदा ‘# मँडिबल’ (म्हणजे खालचा जबडा) एवढेच होते. फ्रॅक्चरसाठी # ही खूण घाईच्या वेळी सोयीची आहे. तिच्यापुढे जागा आणि बाजू लिहिली नाही, तर कोडरच्या हातात ‘अनिर्दिष्ट’ याशिवाय काही उरत नाही.

वर्गीकरण आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या सुधारणेचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आवृत्तीत खालच्या जबड्याच्या फ्रॅक्चरला एस०२.६ हा एकच संकेतांक आहे. हवे तर पुढे ० लावून बंद आणि १ लावून उघडे फ्रॅक्चर दाखवता येते. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून स्वतःची विस्तारित आवृत्ती लागू केली. तीत एस०२.६१ म्हणजे कॉन्डाइल, एस०२.६५ म्हणजे जबड्याचा कोन, एस०२.६६ म्हणजे हनुवटीचा मध्य. पॅरासिम्फिसिसला स्वतंत्र खण तिथेही नाही. अमेरिकी काम सोडून इथल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आलेला माणूस एस०२.६१ पाहून ‘कॉन्डाइल’ म्हणेल, पण मूळ आवृत्तीत त्याचा अर्थ ‘उघडे फ्रॅक्चर’ असा आहे. आकडे तेच, अर्थ निराळा.

अमेरिकी संकेतांकात बाजू सहाव्या जागी येते आणि उपचाराचा टप्पा सातव्या: ए म्हणजे बंद फ्रॅक्चरवरचे सक्रिय उपचार, बी म्हणजे उघड्यावरचे, डी म्हणजे नीट भरून येताना होणारी पुढची तपासणी, के म्हणजे हाड न जुळणे. हनुवटीच्या मध्याला डावे-उजवे नसते. तिथे सहाव्या जागी नुसता एक्स भरतात, कारण टप्प्याचे अक्षर सातव्याच जागी यायला हवे. ‘ए’ फक्त पहिल्या भेटीपुरता असतो, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. चार दिवसांनी हाड जोडणारी प्लेट बसवली तरी ते सक्रिय उपचारच.

सगळ्यात जास्त अडते ते ‘उघडे की बंद’ या प्रश्नावर. हात-पायाच्या हाडात उघडे म्हणजे कातडीला जखम. जबड्यात तसे नाही. भेग दाताच्या खोबणीतून गेली आणि हिरडी फाटली, की हाडाचा तोंडातल्या लाळेशी आणि जंतूंशी संबंध येतो. बाहेरून गालावर ओरखडाही नसला तरी शल्यचिकित्सक अशा फ्रॅक्चरला उघडे मानतात. अक्कलदाढेतून गेलेले कोनाचे फ्रॅक्चर हे याचे नेहमीचे उदाहरण. कोडरला मात्र ओपीजीचा (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेचा) अहवाल वाचून स्वतः निदान करण्याची मुभा नाही. डॉक्टरने उघडे-बंद काहीच लिहिले नसेल, तर नियमाने ते बंद धरले जाते. बीडीएस झालेल्या कोडरला उत्तर समोर दिसत असते, तरी त्याला डॉक्टरला शंकापत्र पाठवून थांबावे लागते.

दातांच्या क्रमांकाचा चकवाही असाच. आपल्याकडे खालची उजवी अक्कलदाढ ४८. अमेरिकेत तिला ३२ म्हणतात. पुण्यात शिकलेल्या दंतवैद्याच्या डोळ्यांना ३२ म्हणजे खालचा डावा, मधल्याच्या शेजारचा दात.

इथल्या रुग्णाच्या कागदाला वेगळेच वाचक असतात. अपघात वा मारामारी असेल तर एमएलसी (पोलीस-न्यायालयाशी संबंध येणारी वैद्यकीय केस) नोंदवावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे ही ‘गंभीर दुखापत’ ठरते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होते. त्यामुळे ‘पुढचे दात हलतात’ एवढे लिहून भागत नाही. कोणता दात, हलतो की निखळला, हे लागते. ‘आरटीए’ (रस्ते अपघात) ही तीन अक्षरेही अपुरी. जखमी माणूस गाडी चालवत होता की मागे बसला होता, यावर आयसीडीतला बाह्य कारणाचा संकेतांक बदलतो, आणि विम्याच्या दाव्यातही तोच प्रश्न येतो.

एक ओळ शस्त्रक्रियेआधीच लिहावी लागते: खालचा ओठ बधिर आहे की नाही. जबड्यातून जाणारी नस भेगेत सापडली तर ओठ सुन्न पडतो, आणि प्लेटचे स्क्रू बसवतानाही तिला इजा होऊ शकते. आधीची नोंद नसेल तर बधिरपणा पडण्याने आला की ड्रिलने, हे नंतर कागदावरून सांगता येत नाही.