आरसा गेला, फायदा लेन्सचा झाला

मिररलेस, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळे एकच कारण पुढे करतात: हलका असतो. बॉडी हलकी असते, हे खरं. पण लेन्सचं काय? निकॉनने २०१९ साली खास मिररलेससाठी ५८ मिमी एफ/०.९५ ही लेन्स काढली, तिचं एकटीचं वजन दोन किलो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची लाडकी असलेली सोनीची २००-६०० मिमी झूमही दोन किलोंच्या वर जाते. भिगवणला होडीत बसून फ्लेमिंगोंची वाट बघत ती तासभर हातात धरलेल्या माणसाला ‘मिररलेस हलका असतो’ असं एकदा सांगून बघा.

यात कंपन्यांचा दोष नाही. एफ/ नंतरच्या आकड्याने फोकल लेंथला भागलं की प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो, म्हणजे आकडा लहान तर प्रकाश जास्त. सोनीच्या त्या झूमच्या लांब टोकाला ६०० मिमी फोकल लेंथ आणि एफ/६.३ म्हणजे ६०० भागिले ६.३, साधारण ९५ मिमी. एवढ्या व्यासाचा प्रकाश आत घ्यायचा तर पुढची काच निदान तेवढी रुंद हवीच. मागे आरसा असो वा नसो, हा हिशेब बदलत नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या लेन्सना आरसा गेल्याचं फारसं सुख-दुःख नाही. खरी उलथापालथ झाली ती रुंद कोनाच्या लेन्समध्ये, आणि ती वजनापेक्षा कितीतरी रंजक आहे.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या आधीच्या कॅमेऱ्यात, लेन्समागे ४५ अंशांत तिरपा आरसा बसवलेला असतो. तो प्रकाश वर फेकतो, प्रिझममधून फिरून तो आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं, मग आरसा पुन्हा खाली येतो. ओळखीचा तो ‘खटॅक’ आवाज बराचसा या आरशाचा. आता आरशाला उचलायला जागा हवी, म्हणून लेन्स जिथे बसते तो माउंट सेन्सरपासून, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपपासून, लांब ठेवावा लागतो. निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी, कॅननच्या १९८७ च्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी. आरसा काढल्यावर ते किती झालं? निकॉन झेड १६ मिमी, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०. निकॉनने त्याच झटक्यात माउंटचं तोंडही ४४ वरून ५५ मिमीपर्यंत रुंद केलं.

हे तीन सेंटिमीटर एवढे महत्त्वाचे का? ढोबळमानाने बघा: २० मिमीची लेन्स दूरच्या डोंगरावर फोकस केली, तर तिचं प्रकाशीय केंद्र सेन्सरपासून २० मिमीवर यायला हवं. पण तिथे तर आरसा हलतोय! या कोंडीवर पिएर आंजेन्यू या फ्रेंच अभियंत्याने १९५० मध्ये बाजारात आणलेला तोडगा म्हणजे रेट्रोफोकस रचना. पुढे अंतर्गोल भिंगांचा मोठा गट प्रकाश फाकवतो, मागचा गट तो पुन्हा गोळा करतो, आणि लेन्सचं केंद्र तिच्या शेवटच्या काचेच्याही मागे, हवेत सरकतं. आरसा खुशाल हलू दे.

हे फुकटात होत नाही. छिद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी भिंगं असलेल्या लेन्समध्ये पुढच्या भिंगांनी वाकवलेल्या रेषा मागची भिंगं सरळ करतात, कडांवरची रंगांची किनारही आपसूक बरीचशी पुसली जाते. रेट्रोफोकसमध्ये ही समानता मोडते. मग एक दोष झाकायला एक भिंग, त्याने आणलेला दोष झाकायला दुसरं, असं करत लेन्स फुगते. हे टाळण्यासाठी निकॉनने एफ कॅमेऱ्यासाठी सुरुवातीला २१ मिमी एफ/४ ची लेन्स काढली, ती रेट्रोफोकस नव्हतीच. तिची मागची बाजू थेट आरशाच्या जागेत घुसायची. म्हणून आधी आरसा वर करून अडकवायचा, मग लेन्स लावायची, आणि आता आरशातून काही दिसत नसल्याने कॅमेऱ्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर खोचायचा. १९५९ सालच्या त्या माणसाने एका अर्थी मिररलेस कॅमेराच वापरला, फक्त हाताने आरसा काढून.

मग आज सगळ्या लेन्स पुन्हा जुन्या, सुटसुटीत पद्धतीच्या का झाल्या नाहीत? कारण फिल्मला प्रकाश कितीही तिरका पडला तरी चालायचं, सेन्सरला तेवढं चालत नाही. सेन्सरवर काचेचा थर असतो आणि प्रत्येक पिक्सेलवर सूक्ष्म भिंग असतं. फार तिरका किरण आला की कोपरे फिसकटतात, कधी जांभळट छटा येते. म्हणून आजची रुंद लेन्स मधला मार्ग काढते: थोडी रेट्रोफोकस, पण शेवटचं मोठं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ. रुंद माउंटचा उपयोग इथे होतो. कोपऱ्यापर्यंत स्वच्छ चित्र देणाऱ्या आजच्या लेन्सचं श्रेय जाहिराती सेन्सरला देतात, मी त्यातलं निम्मं तरी या मोकळ्या जागेला देईन.

दुसरा फायदा फोकसचा. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खोक्याच्या तळाशी. मुख्य आरसा मधोमध थोडा पारदर्शक असतो, त्यातून गेलेला प्रकाश मागचा छोटा आरसा खाली पाठवतो. आता लेन्सपासून फोटोच्या सेन्सरपर्यंतचं अंतर आणि या खालच्या सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. केसभर फरक पडला की कॅमेरा म्हणणार ‘फोकस झालं’, आणि फोटोत डोळ्याऐवजी कान स्पष्ट. मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ/१.८ वर ठेवून दीड मीटरवरच्या चेहऱ्याचा फोटो घेतला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण साडेतीन सेंटिमीटरांचा असतो. डोळा आणि कान यांच्यातलं अंतर त्याहून जास्त! मिररलेसमध्ये फोटो काढणारा सेन्सरच फोकस मोजतो, त्यामुळे या दोघांत तफावत उरत नाही. (गंमत अशी की प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागून फोकस मोजायची कॅननची पद्धत २०१३ मध्ये पहिल्यांदा आली ती ७०डी या डीएसएलआरमध्येच, आरसा वर ठेवून वापरायला.) मोठ्या छिद्राच्या लेन्स पूर्वी हौशी माणसाला अर्ध्या वेळा दगा द्यायच्या, आता भरवशाने वापरता येतात.

यावरून माझं मत ठरलं आहे आणि ते दुकानदाराला आवडणारं नाही: बॉडी जी आहे ती राहू द्या, आधी लेन्स घ्या. हिशेब करून बघू. तुमच्याकडे एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा आणि सोबत आलेली किट झूम आहे. तशा बहुतेक झूम ५० मिमीच्या आसपास एफ/५.६ च्या पुढे उघडत नाहीत. पर्याय एक, फुल-फ्रेम बॉडी. तिचा सेन्सर ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिमी, तुमचा २३.५ गुणिले १५.६, म्हणजे सुमारे ३६७. लेन्स तितक्याच उघडझापेची राहिली तर एकूण प्रकाश २.४ पट. पर्याय दोन, बॉडी तीच आणि एफ/१.८ ची साधी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. ५.६ चा वर्ग भागिले १.८ चा वर्ग: जवळपास ९.७ पट. प्रकाशाच्या कणांमुळे येणारा रवाळपणा वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होतो, म्हणजे पहिल्या पर्यायात चित्र दीडपट स्वच्छ, दुसऱ्यात तिप्पट. आणि दुसरा पर्याय पहिल्याच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत दिवेलागणीनंतर उभं राहिलं की हे आकडे डोळ्यांना दिसतात. किट झूमवर १/३० सेकंद शटर मिळत असेल तर ढोलवादकाचा चेहराच हललेला येतो. एफ/१.८ वर त्याच उजेडात १/२५० च्याही पुढे जाता येतं: चेहरा थांबतो, कपाळावरचा गुलाल दिसतो, फक्त टिपरू पुसट राहतं. ते तसंच बरं दिसतं.

प्राइम कोणती? सगळे ५० मिमी सांगतात. एपीएस-सीवाल्यांनो, आपल्या घरांत ती घेऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवून उभे राहिलात तरी समोरच्या भिंतीचा दीड मीटरही रुंद नसलेला तुकडा चौकटीत मावतो. आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र घ्यायची तर दाराबाहेर जावं लागेल. ३५ मिमी घ्या, दोन मीटर मिळतात.

एक वाद मात्र मिररलेसमुळे नव्याने सुरू झाला. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ फक्त १६५ ग्रॅमची. एवढी चिमुकली कशी? सरळ रेषा वाकवण्याचा दोष तिने काचेने दुरुस्तच केलेला नाही, ते काम कॅमेऱ्यातल्या गणितावर सोडलं आहे. व्ह्यूफाइंडर म्हणजे छोटा पडदाच असल्याने दुरुस्त केलेलं चित्रच आपल्याला दिसतं. डीएसएलआरमध्ये ही लबाडी चालली नसती, तिथे डोळ्याला वाकडी भिंत वाकडीच दिसायची. जुनी मंडळी यावर चिडतात. मला ती व्यवहारी तडजोड वाटते, एका अटीवर: गणित भूमिती सरळ करू शकतं, पण कोपरे ताणताना तिथे नसलेला तपशील आणू शकत नाही. मिरवणुकीला, ट्रेकला ही लेन्स झकास. कोपऱ्यातला प्रत्येक तारा टोकदार हवा असेल तर जड लेन्सला पर्याय नाही.

आरसा गेल्याचा तोटाही आहे. पडदा आणि सेन्सर सतत चालू राहिल्याने बॅटरी खाल्ली जाते. प्रमाणित चाचणीनुसार निकॉनचा डी८५० हा डीएसएलआर एका चार्जवर १८४० फोटो काढायचा, मिररलेस झेड ७ ला ३३० चा आकडा मिळाला. आणि मूक शटर. गाण्याच्या मैफिलीत आवाज न करता फोटो काढायची केवढी सोय! पण साध्या कॅमेऱ्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि त्याला १/२० सेकंद लागू शकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. तेवढ्या वेळात पाच चढउतार, म्हणून गायकाच्या शालीवर पाच आडवे पट्टे. शटर १/१०० वर ठेवलं तर प्रत्येक ओळ एक पूर्ण चढउतार गोळा करते आणि पट्टे जातात. मंद केलेले रंगमंचाचे दिवे वेगळ्या वेगाने लुकलुकतात, त्यांना हा उपाय लागू पडत नाही. सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपणारा सोनीचा ए९ थ्री २०२३ मध्ये जाहीर झाला, पण हौशी खिशाला तो परवडणारा नाही.

खिशाचा विषय निघालाच आहे तर जुन्या लेन्सबद्दल. त्या ४४ मिमीवरच्या लेन्सना १८ किंवा २० मिमीच्या बॉडीवर बसवायला फक्त मधलं अंतर भरायचं असतं, म्हणजे पोकळ नळी पुरते. एम४२ या जुन्या आट्यांच्या माउंटची सोव्हिएत लेन्स हेलिओस ४४-२ आणि सोनी यांच्यामधल्या ॲडॉप्टरमध्ये काचच नसते, २७ मिमीची हवा असते. उलटं करता येत नाही: मिररलेसची लेन्स डीएसएलआरला लावून दूरवर फोकस होणार नाही. विकत घेण्याआधी लेन्सच्या एका बाजूने मोबाईलची टॉर्च टाकून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कपाटात पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते, आणि काचेवरचा थर खाल्लेला असेल तर साफ करूनही डाग राहतो. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या ॲडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनचं तसं नाही. जुन्या एफ लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे ज्या लेन्सच्या आत मोटर आहे तिचंच ऑटोफोकस चालेल. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असेल तर ठीक. नुसतं ‘एएफ’ आणि शेवटी ‘डी’ असेल तर फोकस हाताने करावं लागेल, आणि किंमत ठरवताना ते बोलून घ्या.