सीटी आणि ईसीटी: थापा त्याच, उत्तरं वेगळी

जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याहून गुलमर्गला स्कीइंगला जाणाऱ्यांत एक गल्लत हमखास होते: ‘सीटी २२ आली, बर्फ घट्ट आहे, चला.’ सीटी म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट: हिमस्खलनाचा धोका जोखण्यासाठी बर्फात खड्डा खणून, सुट्या कापलेल्या ठोकळ्यावर थापा मारून करायची चाचणी. बर्फातला कमकुवत थर कितव्या थापेला, म्हणजे किती जोराने तुटतो, एवढंच तिचा आकडा सांगतो. पडलेली चीर पुढे पळेल का, हा प्रश्न वेगळा, आणि स्लॅब, म्हणजे त्या थरावरची घट्ट बर्फाची लादी, सुटतो तो चीर पळाली तरच. त्यासाठी ईसीटी, म्हणजे एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट.

थापा दोन्हींत सारख्याच. फावड्याचं पातं बर्फावर आडवं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १०. हात आपल्या वजनाने पडू द्यायचा. जोर काढून मारलं की आकडा खोटा.

फरक आहे तो ठोकळ्यात. सीटीचा ठोकळा ३० बाय ३० सेंमी. ईसीटीचा उताराला आडवा ९० सेंमी, वर-खाली ३० सेंमी, आणि पातं एका टोकाला. ज्या थापेला चीर पडली त्याच किंवा लगेचच्या पुढच्या थापेला ती पूर्ण ९० सेंमी गेली, तर ईसीटीपी, उदाहरणार्थ चौदाव्या थापेला गेली तर ईसीटीपी १४. मध्येच अडली तर ईसीटीएन. तिसाव्या थापेपर्यंत काहीच नाही, तर ईसीटीएक्स. सीटीतही ठोकळा फटकन, सपाट निसटला तर लक्षण वाईटच, मग आकडा २२ का असेना.

ईसीटी बिघडते ती बहुधा मागच्या कापात. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई) रोवा, त्यांच्यामागून दोरी घाला आणि कमकुवत थराच्या खालपर्यंत करवतीसारखी ओढत न्या. दोरी इथूनच करून न्यावी: ३ मिमी जाडीची, सुमारे ३ मीटर, दर २०-३० सेंमीवर गाठ. मागची बाजू जरा जरी चिकटून राहिली, तर चीर अडते आणि धोक्याचा उतारही ईसीटीएन दाखवतो.

थर मीटरभराहून खोल असेल तर थापा तिथवर नीट पोचतच नाहीत. अशा वेळी ईसीटीएक्सला फार अर्थ नाही. खड्डा जायच्या उताराच्याच दिशेचा आणि उंचीचा हवा, पण वरून काही कोसळणार नाही अशा जागी. गुलमर्गच्या अफरवट शिखरावर कड्याआड वारा बर्फ साठवतो, तिथे थोड्या अंतरावर निकाल बदलू शकतो.

आणि खणायच्या आधीच पायाखाली ‘धप्प’ होऊन बर्फ बसला, स्कीपासून चिरा पळाल्या किंवा शेजारी ताजं हिमस्खलन दिसलं, तर टेस्ट करत बसू नये. ३० अंशांहून कमी उताराची, वर तीव्र उतार नसलेली वाट धरावी.