फॉरवर्डमधला ‘तोटा’ खरंच तोटा आहे का?

नाशिकच्या निर्यातदार ग्राहकांसाठी

फॉरवर्ड म्हणजे पुढे येणाऱ्या परकीय चलनाचा दर बँकेशी आधीच पक्का करून ठेवणं. मार्चअखेरचे आकडे हातात पडले की निफाड-दिंडोरीकडून एक फोन ठरलेला: “फॉरवर्ड केलं नसतं तर लाखभर वाचले असते ना?” फॉरवर्डचं एकच खातं उघडून पाहिलं की असंच वाटतं.

सोयीचे आकडे घेऊ. 1 फेब्रुवारीला 50,000 युरोची द्राक्षं नेदरलँड्सला गेली. युरो 90 रुपये. पैसे 31 मेला येणार, म्हणून त्याच दिवशी बँकेत 91.20 ने फॉरवर्ड बुक केलं. हिशोबात विक्री 90 नेच लागते, 45 लाख. वरचा 1.20 म्हणजे प्रीमियम. त्याचे 60,000 चार महिन्यांवर पसरायचे, म्हणजे यंदा (31 मार्चपर्यंत) 30,000 आणि बाकीचे पुढल्या वर्षी. सगळे यंदाच घेण्याचा मोह होतो, पण चालत नाही.

31 मार्चला युरो 92 झाला. ग्राहकाकडून येणं लाखाने वाढलं; दर आधीच बांधलेला, म्हणून फॉरवर्डवर लाखाचा तोटा दिसला. दोन्ही नफा-तोटा पत्रकात जातात आणि एकमेकांत जिरतात. मेअखेर युरो 88 वर घसरला तरी तुमच्या हाती 45,60,000 च (बँकेचे चार्जेस वेगळे). ही रीत लेखा मानक 11 ची, म्हणजे परकीय चलनाच्या नोंदींच्या नियमाची. शेअर बाजारात (एसएमई मंच सोडून) नोंदलेल्या किंवा 250 कोटी व त्याहून जास्त नेटवर्थच्या कंपन्यांना इंड एएस 109 हे वेगळं मानक लागतं, ते इथे नको.

खरी गुंतागुंत अंबड-सातपूरच्या कारखान्यांची. ऑर्डर फेब्रुवारीत, माल जूनमध्ये, आणि फॉरवर्ड आधीच घेतलेलं. 31 मार्चला समोर येणंच नसतं, मग जिरणार कशात? तिथे मानक 11 नव्हे, सीएंच्या इन्स्टिट्यूटची (आयसीएआय) डेरिव्हेटिव्हवरची, म्हणजे फॉरवर्डसारख्या करारांवरची, गाइडन्स नोट लागते. फॉरवर्डचं त्या दिवशीचं मूल्य ताळेबंदात येतं. त्यातला फरक राखीव खात्यात ठेवून विक्रीबरोबर नफा-तोट्यात आणता येतो, पण कुठली ऑर्डर, किती युरो, कुठली जोखीम, हे सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं असेल तरच. नसेल तर फरक थेट यंदाच्या नफ्यावर बसतो. मार्चमध्ये बसून फेब्रुवारीची तारीख टाकलेला कागद आम्ही घेत नाही, रागावू नका.

द्राक्षवाल्यांना एक सांगणं. काढणीआधी अख्ख्या पिकावर बुकिंग करू नका. अवकाळीने माल गेला की फॉरवर्ड रद्द करावं लागतं, आणि तेव्हाचा नफा-तोटा त्याच वर्षी घ्यावा लागतो. राखीव खात्यातलंही बाहेर काढावं लागतं.

बुकिंग केल्याच दिवशी बँकेचा कागद आणि ऑर्डरची प्रत आमच्याकडे पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकलात तरी चालेल.