‘दचकतंय’ म्हणून सोडून दिलेली आकडी

कळव्याची चाळ असो की घोडबंदरचा टॉवर, सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना मान खाली टाकून हात झटकू लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “दचकतंय गं, नाहीतर पोटात गॅस असेल.” बरेचदा तेच खरंही असतं. पण असे झटके काही सेकंदांच्या अंतराने ओळीने येत राहिले, तर ते इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या बाळांना येणारी एक आकडी, असू शकतात. अशा वेळी बाळगुटीत गेलेले आठवडे महाग पडतात.

हा आजार पहिल्यांदा नीट टिपला तो एका बापाने. इंग्लंडातल्या टनब्रिजचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, स्वतःच्याच मुलाबद्दल. जळवा लावल्या, जुलाब दिले, हिरड्यांना चीर दिली. काही उपयोग झाला नाही. बाळ हसेनासं झालं होतं. कुणी असं काही पाहिलंय का, हे त्यांना इतर डॉक्टरांकडून हवं होतं. लंडनच्या एका नामांकित डॉक्टरांनी त्याला नाव दिलं ‘सलाम’ आकडी, कारण बाळ वाकून सलाम केल्यासारखं दिसायचं. आज त्याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात.

पुढची शंभरेक वर्षं हाती फारसं काही लागलं नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत गिब्ज या संशोधक दांपत्याने या बाळांच्या ईईजीवरच्या (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावरच्या) उंच, बेताल लाटांना ‘हिप्सॅरिद्मिया’ हे नाव दिलं. १९५८ मध्ये बेल्जियममधून एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनचा गुण येतो असं कळलं. आपल्याकडे ते महाग पडतं, म्हणून तोंडाने द्यायचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरेच डॉक्टर वापरतात.

बाळांच्या आकडीचा दुसरा धागा फ्रान्सचा. तिथल्या डॉक्टर शार्लोट द्रावे यांनी १९७८ मध्ये वेगळ्याच बाळांचं वर्णन केलं: पहिल्या वर्षातच तापात लांबलेली आकडी, पुढे तापाशिवायही. २००१ मध्ये त्यामागे एससीएन१ए या जनुकातला बिघाड सापडला. हा शोध नुसता कागदावरचा नाही. कार्बामाझेपिनसारखं आकडीवरचं नेहमीचं औषध या मुलांची आकडी उलट वाढवू शकतं. तापातली आकडी सगळीच साधी नसते, हे मला तरी इथेच पटतं.

ठाण्याहून लोकलने बाळाला परळच्या हॉस्पिटलात न्यावं, तर डॉक्टरांसमोर ते शांत झोपलेलं असतं. म्हणून हल्ली आधी मोबाइलवरचा व्हिडिओच मागतात, आणि विचारतात, “झोपेतून उठतानाचा आहे का?”