पाठवणीलाच डीव्हीडी का अडकते? घरी राईट केलेल्या डिस्कबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

व्हीएचएस किंवा मिनी-डीव्ही कॅसेटवरचे लग्न आम्ही तुम्हाला फाईल करून देतो. बरेच जण पुढची डीव्हीडी घरीच राईट करतात, नातेवाइकांना वाटतात, आणि मग कुणाच्या तरी टीव्हीवर ती धक्के खात चालते. डिस्क आमच्याकडे येते तेव्हा तक्रार एका शब्दाची असते: "अडकते." त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो, लग्नात नेमकी कुठे अडकते? अक्षता टाकताना, पाठवणीला, की पहिल्यापासून सगळीकडेच? दोष डिस्कचा आहे, प्लेअरचा आहे की मुळात फाईलचा, हे या उत्तरावरून बहुतेक वेळा डिस्क हातात घेण्याआधीच कळते.

पाठवणीला अडकत असेल तर

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे गणपतीपूजन मधल्या भोकाजवळ, मंगलाष्टके मध्यावर आणि पाठवणी अगदी कडेला. डिस्कची खालची बाजू उजेडात तिरपी धरून बघा. लिहिलेल्या आणि कोऱ्या भागाच्या रंगात थोडा फरक असतो आणि दोन्हींच्या मध्ये एक गोल रेघ दिसते. ती रेघ पार कडेपर्यंत गेली असेल, तर तुमच्या लग्नाची शेवटची पंधरा-वीस मिनिटे डिस्कच्या सगळ्यात नाजूक जागी आहेत. स्वस्त डिस्कवर तिथला रंगाचा थर एकसारखा नसतो, फिरताना डिस्क तिथेच जास्त डुगडुगते, आपली बोटेही तिथेच लागतात. शिवाय १६ एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या १६ पट वेगाने लिहिणारा रायटर सुरुवात साधारण ६ एक्सने करतो आणि १६ एक्स गाठतो ते कडेला. सगळी घाई नेमकी पाठवणीच्या वाट्याला येते.

याची खूण ठरलेली आहे. चित्र थांबते, चौकोनी ठोकळे उमटतात, आवाज तुटतो, प्लेअरमधून खर्रखर्र ऐकू येते, मग चित्र उडी मारून पुढे जाते. कन्येच्या डोळ्यांत पाणी आलेले दिसते आणि पुढच्या क्षणी गाडी फाटकाबाहेर. असे झालेले पाहून आमच्या दुकानात बसून रडलेल्या एक काकू आम्हाला अजून आठवतात. त्यांना वाटत होते की कॅसेटच खराब झाली. कॅसेट उत्तम होती. फाईलही उत्तम होती. डिस्क काठोकाठ भरली होती, एवढेच.

तेव्हा डिस्क काठोकाठ भरू नका. वेष्टनावर ४.७ जीबी लिहिलेले असते, कॉम्प्युटर तीच जागा ४.३७ जीबी दाखवतो. त्यातली ४.१ पर्यंतच वापरा. कार्यक्रम मोठा असेल तर सरळ दोन डिस्क करा, एकीवर हळद आणि लग्न, दुसरीवर जेवणे, वरात, पाठवणी. राईट करताना वेग ८ एक्स किंवा ४ एक्स निवडा. १ एक्सने लिहिले की सगळ्यात चांगले, हा समज जुन्या डिस्कच्या काळातला आहे. १६ एक्ससाठी बनवलेली डिस्क इतक्या हळू लिहिली तर कधी कधी उलट बिघडते. आणि शेवटी 'व्हेरिफाय'ची, म्हणजे लिहिलेले पुन्हा वाचून तपासण्याची, खूण करायला विसरू नका. दहा मिनिटे जास्त लागतात, पण डिस्क पाहुण्यांच्या घरी पोचण्याआधी दोष तुमच्या घरीच कळतो.

आधीच वाटलेली डिस्क अडकत असेल तर ती मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. मधून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक फेऱ्यात थोडासाच भाग खातो आणि तेवढी चूक प्लेअर सुधारून घेतो. गोल चरा लिहिलेल्या ओळीच्या बाजूने जातो, सलग मोठा तुकडा जातो, आणि तो परत मिळवता येत नाही.

एक अपवाद आहे. ८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्कवर मध्यावर कुठेतरी एकदाच चित्र क्षणभर थबकते. प्लेअर एका थरावरून दुसऱ्या थरावर जातो तेव्हाचे ते थबकणे आहे, दोष नाही.

"पण कॉम्प्युटरवर तर छान चालते!"

चालणारच. डीव्हीडीचा मूळ वेग, म्हणजे १ एक्स, सेकंदाला सुमारे ११ मेगाबिट. डीव्हीडी व्हिडिओला चित्र आणि आवाज मिळून जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिटची मुभा आहे. टीव्हीखालचा साधा प्लेअर या वेगाच्या आसपासच वाचतो, त्याच्याकडे सवड फार थोडी. एखादी जागा दोन-तीनदा वाचावी लागली की त्याने आधी वाचून ठेवलेला साठा संपतो आणि चित्र थांबते. कॉम्प्युटरचा ड्राईव्ह कितीतरी पट वेगाने वाचतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

म्हणून घरच्या घरी ही एक तपासणी करा. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घाला आणि त्यातला 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी एखाद्या ठिकाणी रेंगाळली किंवा 'एरर' आली, तर दोष डिस्कचा. कॉपी एका दमात झाली, पण हार्ड डिस्कवरून चालवल्यावरही चित्र तिथेच धक्के देते, तर दोष फाईलचा. मग कितीही महागडी कोरी डिस्क आणा, फरक पडणार नाही. दोन्ही ठीक असेल तर प्लेअरकडे वळा. दुकानातून घेतलेली पिक्चरची डीव्हीडी नीट चालते म्हणून प्लेअरला निर्दोष समजू नका. ती साच्यात छापलेली असते आणि प्रकाश चांगला परत फेकते. घरी लिहिलेली डिस्क कमी फेकते, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आर-डब्ल्यू तर त्याहून खूपच कमी. लेन्सवर धूळ बसली की आधी आर-डब्ल्यू रुसते, मग घरी लिहिलेल्या बाकीच्या, आणि विकतची सगळ्यात शेवटी. त्यामुळे वाटायच्या प्रतींसाठी आर-डब्ल्यू वापरू नका.

अक्षता पडताना अडखळत असेल तर

इथे गोष्ट वेगळी आहे. डीव्हीडीवर प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेले नसते, बहुतेक वेळा आधीच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच लिहितात. भटजी संथपणे मंत्र म्हणत असतील तर फार काही बदलत नाही. पण "शुभमंगल सावधान" झाले, चहूबाजूंनी अक्षता उडाल्या, वर फोटोग्राफरचे फ्लॅश लखलखले, की अख्खे चित्र क्षणाक्षणाला नवे होते आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे मेगाबिट, एकदम वर जातो. सॉफ्टवेअरमध्ये 'बेस्ट क्वालिटी' निवडलेले असेल तर तो मर्यादेला टेकतो. वर आवाज 'पीसीएम'मध्ये, म्हणजे न दाबता, ठेवला असेल तर दीड मेगाबिट तोच खातो. अशा वेळी थोडीशी मळलेली डिस्कही साध्या प्लेअरला झेपत नाही.

चित्राचा कमाल बिटरेट ८ मेगाबिटच्या वर जाऊ देऊ नका आणि आवाज एसी-३ या दाबलेल्या प्रकारात ठेवा. आमच्या अनुभवाने सरासरी अशी ठेवावी: तासाभराच्या कार्यक्रमाला ८, दीड तासाला ६, दोन तासांना साडेचार. तीन तास एकाच डिस्कवर कोंबले तर चित्र गढूळ होते, पण त्या कारणाने अडखळत मात्र नाही. गढूळ होणे आणि अडखळणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

पहिल्यापासून शेवटपर्यंत थरथरत असेल तर

ठोकळे नाहीत, आवाज स्वच्छ आहे, पण कुणी चालले किंवा हात हलवला की चित्र पुढे-मागे थरथरते. सगळ्या प्लेअरवर तसेच. डिस्क बदलण्यात पैसे घालू नका, इथे डिस्कचा काहीच संबंध नाही.

आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रे दाखवते आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येते, एकाआड एक ओळींचे. कोणता अर्धा आधी, हे ठरलेले असावे लागते. मिनी-डीव्ही कॅसेटमध्ये खालचा आधी असतो. सॉफ्टवेअरने 'टॉप फील्ड फर्स्ट', म्हणजे वरचा आधी, धरले की क्रम उलटतो, आणि हात पुढे जायचा तो आधी मागे येऊन मग पुढे जातो. मिनी-डीव्ही कॅसेटवरून आलेल्या फाईलला 'बॉटम फील्ड फर्स्ट' ठेवा आणि डिस्क पुन्हा बनवा. कॉम्प्युटरवर बघताना हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये 'डीइंटरलेस' चालू केले की त्या जातात.

मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओचा त्रास याच जातीचा, कारण मात्र दुसरे. मोबाईल सेकंदाला साधारण ३० चित्रे काढतो. त्याची पाल डिस्क करताना दर सहा चित्रांतले एक गाळावे लागते आणि तो छोटा हिसका सेकंदाला पाच वेळा बसतो. अशा व्हिडिओची डिस्क एनटीएससी या साधारण ३० चित्रांच्या पद्धतीत करा, आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती दाखवतात. मोबाईलचा चित्रवेग मध्येच कमी-जास्तही होतो. तेव्हा हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या आणि मगच डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला द्या.

मोबाईलची फाईल तशीच उचलून डेटा डिस्कवर टाकू नका. फुल एचडी व्हिडिओ बहुतेक वेळा ११ मेगाबिटच्या वरचा असतो, साध्या प्लेअरला तो पुरवता येत नाही. टीव्हीला यूएसबी असेल तर पेन ड्राईव्ह लावा. डिस्क विकणे हा आमच्या धंद्याचा भाग असूनही आम्ही हेच सांगू.

कागदी लेबल चिकटवू नका. सुरुवातीला वधूवरांच्या फोटोची लेबले आम्हीच हौसेने लावत होतो. ती गरम झाल्यावर आक्रसतात, डिस्क एका बाजूला जड होते आणि थरथरते. पुढे आम्ही शक्य तेवढ्या डिस्क परत मागवून बदलून दिल्या. नाव लिहायचे तर सीडी मार्करने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर.

एवढे करूनही अडकत असेल तर दुकानात या. अडकणारी डिस्क, ज्या फाईलवरून ती केली ती फाईल, आणि जमल्यास प्लेअरसुद्धा घेऊन या. किती मिनिटांवर अडकते ते चिठ्ठीवर लिहून आणा. कॅसेटची फाईल करतानाच चित्रे गळलेली आढळली तर ती चूक आमची, आणि ती आम्ही पैसे न घेता पुन्हा करून देऊ. त्यासाठी मूळ कॅसेट लागते. फाईल मिळाली म्हणून ती अजून टाकून दिली नसेल, तर कपाटात उभी ठेवा आणि येताना बरोबर आणा.