सूचना पेटी

कामाच्या पद्धतीत सुधारणा सुचवता यावी म्हणून कारखान्यात किंवा कचेरीत कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली कुलूपबंद पेटी. तिच्यात पडलेल्या चिठ्ठ्या वाचणे, पारखणे, अमलात आणणे आणि सुचवणाऱ्याला बक्षीस देणे ही सगळी व्यवस्थाही याच नावात येते. कारखान्यात तिला 'सजेशन स्कीम' म्हणतात. पुणे-नाशिककडच्या औद्योगिक वसाहतींत आता 'कायझेन' (कामात सतत छोट्या छोट्या सुधारणा करत राहणे) हा जपानी शब्द अधिक रुळला आहे. मराठीत 'सूचना' एरवी वरून खाली येते. सूचना फलकावर लागते, तिच्याखाली साहेबाची सही असते आणि ती पाळायची असते. पेटीतली सूचना तेवढी खालून वर जाते, आणि या योजनेतल्या बहुतेक अडचणी त्या उलट्या प्रवासातूनच निघतात.

पेटीची सर्वांत प्रसिद्ध जुनी कथा कारखान्यातली नाही, राजदरबारातली आहे. जपानचा आठवा तोकुगावा शोगुन (लष्करी शासक) योशिमुने याने 1721 मध्ये एडो (आजचे टोकियो) येथील न्यायसभेसमोर 'मेयासुबाको' नावाची पेटी ठेवली. महिन्यातून तीन ठरलेल्या दिवशी ती बाहेर येई आणि आतले अर्ज थेट शोगुनपर्यंत जात. अर्जावर नाव-पत्ता असणे सक्तीचे होते. निनावी अर्जाची दखल घेत नसत. ओगावा शोसेन या वैद्याने गरिबांसाठी रुग्णालय काढा, असा अर्ज टाकला. 1722 मध्ये कोइशिकावाच्या औषधी बागेत ते सुरू झाले. चिठ्ठी टाकल्यापासून इमारत उभी राहीपर्यंत साधारण वर्षभर लागले. हा वेग आजच्या बऱ्याच कंपन्यांना झेपणार नाही.

उद्योगात ही कल्पना प्रथम नीट नियमांत बसवली ती स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या विल्यम डेनी अँड ब्रदर्स या जहाजबांधणी कंपनीने, 1880 मध्ये. ('कटी सार्क' हे गाजलेले शिडाचे जहाज याच कंपनीने पूर्ण केले होते.) एखादे यंत्र सुधारणाऱ्या किंवा कामाची नवी रीत काढणाऱ्या कामगाराला रोख बक्षीस मिळे. अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या जॉन पॅटरसन यांनी 1894 मध्ये अशी योजना आणली. चार वर्षांनी, 1898 मध्ये, ईस्टमन कोडॅकने ती सुरू केली. कोडॅकचे पहिले बक्षीस दोन डॉलरचे होते. ते मिळालेल्या कामगाराने एवढेच सुचवले होते की खिडक्यांच्या काचा धुवा, म्हणजे काम करताना उजेड येईल. काचा मळल्या आहेत हे येता-जाता सगळ्यांना दिसत असणारच. पण त्यांच्या अंधारात दिवसभर काम कोण करतो, हा खरा मुद्दा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही योजना पुन्हा जपानला पोहोचली. टोयोटाचे एजी टोयोदा 1950 मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहायला गेले आणि तिथली सूचना योजना मनात घेऊन परतले. 1951 मध्ये टोयोटात ती सुरू झाली. अमेरिकी पद्धतीत सूचनेमुळे किती पैसे वाचले ते मोजत आणि त्यातला हिस्सा देत. त्यामुळे सूचना थोड्या आणि मोठ्या येत, आणि हिशोबावरून भांडणेही होत. जपानी पद्धतीत बक्षीस किरकोळ असते, पण सूचना हजारोंनी येतात. पाना हाताशी टांगा, ट्रॉलीचे चाक बदला, अशा. त्यातली बरीचशी सुचवणाराच अमलात आणतो. भारतात रुजले ते हेच दुसरे रूप. 1980 मध्ये भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यात गुणवत्ता मंडळे सुरू झाली. एका विभागातल्या आठ-दहा जणांनी ठरलेल्या वेळी बसून आपल्याच कामातली अडचण सोडवायची, ही त्यांची रीत. त्यांनी पेटीतल्या एकट्या चिठ्ठीला सोबत मिळवून दिली.

सरकारनेही या चिठ्ठीला मान दिला. कामगाराने सुचवलेल्या आणि व्यवस्थापनाने अमलात आणलेल्या सुधारणेसाठी केंद्र सरकारचा 'विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार' आहे. तो 1965 मध्ये 'श्रमवीर' या नावाने सुरू झाला. पंतप्रधान श्रम पुरस्कार त्यानंतरचे, 1985 चे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कार्य समितीची तरतूद होती, आणि 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत, अनुच्छेद 43 क मध्ये, आला. कागदावर सहभागाची कमतरता कधीच नव्हती.

आजच्या शॉप फ्लोअरवर पेटीची जागा बहुतेक ठिकाणी 'कायझेन शीट'ने घेतली आहे. ए-फोर आकाराचा एक कागद, डावीकडे 'आधी'चा फोटो, उजवीकडे 'नंतर'चा. खाली उत्पादकता, गुणवत्ता, खर्च, डिलिव्हरी, सुरक्षितता आणि मनोबल यांचे चौकोन. लागू असेल तिथे टिक. समजा, प्रेसवरून निघणारे पार्ट जमिनीवरच्या क्रेटमध्ये पडतात आणि ऑपरेटर ते उचलायला शिफ्टभर वाकतो. त्याने भंगारातल्या अँगलचा स्टँड वेल्डिंग करून घेतला आणि क्रेट कमरेच्या उंचीला आणला. शीटवर हे 'प्रत्येक पार्टमागे दोन सेकंदांची बचत' असे उतरते. पाठीच्या दुखण्याला त्यात वेगळा चौकोन नाही. ते 'सुरक्षितता'त टिक होते किंवा राहून जाते. शीट बहुधा इंग्रजीत असते. त्यामुळे ती भरतो ट्रेनी इंजिनिअर, आणि पुढच्या सादरीकरणात नाव कोणाचे आधी येते हे त्याच्या सज्जनपणावर अवलंबून राहते. शीट मराठीत छापली तर यातले अर्धे दुखणे संपते, पण ही साधी सुधारणा सुचवायला मात्र कोणाला चौकोन दिलेला नाही.

बक्षिसे ठरलेली असतात: स्टीलचा डबा, भिंतीवरचे घड्याळ, बॅग, कुकर, वरच्या क्रमांकाला रोख रक्कम आणि नोटीस बोर्डावर फोटो. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी घोषवाक्य आणि पोस्टरच्या स्पर्धा होतात, त्याच कार्यक्रमात वर्षभराच्या सूचनांची बक्षिसेही अनेकदा उरकून घेतात. 'उरकून' हा शब्द जपूनच वापरला आहे. कुकर घरी जातो तेव्हा तो कशाबद्दल मिळाला हे घरच्यांना सांगता यावे, एवढी अपेक्षा असते. सगळ्यांना सरसकट तोच कुकर मिळाला की सांगण्यासारखे काही उरत नाही.

योजना मरते ती बहुधा उत्तर न मिळाल्याने. सूचना नामंजूर झाली तर माणूस चिडतो, पण कारण कळले तर पुन्हा लिहितो. तीन महिने काहीच कळले नाही तर पेटीत चहाचे कागदी कप पडू लागतात. दुसरे कारण 'महिन्याला माणशी दोन सूचना' असे टार्गेट. मग महिनाअखेरीला जुन्याच सूचना शब्द बदलून येतात.

कामगार संघटनांचा संशय याहून जुना आहे आणि तो निराधार नाही. सुचवलेल्या युक्तीने वेळ वाचला की नॉर्म, म्हणजे माणशी ठरवून दिलेले काम, वाढणार का, माणूस कमी होणार का, हा प्रश्न प्रत्येक शीटच्या मागे असतो. मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या दशकाच्या अखेरीस 'कार्यक्षमता' या नावाखाली विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले गेले, आणि 1928 चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप ज्या कारणांनी पेटला त्यात हे एक प्रमुख होते. म्हणून वाचलेल्या वेळेपायी कोणाची नोकरी जाणार नाही, असे जिथे करारात लिहून दिलेले असते, तिथे पेटी मोकळेपणाने भरते.

सूचना आणि शोध यांतली सीमाही वादाची आहे. निळ्या एलईडीवर काम करणारे शुजी नाकामुरा यांना निचिया या जपानी कंपनीने त्या शोधाबद्दल 20,000 येन दिले होते. ते कोर्टात गेले. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने 2004 मध्ये 2,000 कोटी येन द्यायला सांगितले. 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली. 2014 मध्ये त्यांना भौतिकीचे नोबेल विभागून मिळाले. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या शोधांसाठी 1957 पासून स्वतंत्र कायदाच आहे.

आता बऱ्याच ठिकाणी पेटीऐवजी भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि सूचना मोबाइलवरून जाते. लॉगिनला कर्मचारी क्रमांक लागतो. त्याच लाइनवर, त्याच मशीनच्या पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराकडे अनेकदा तो क्रमांकच नसतो. त्याला काही सुचले तर तो शेजारच्या कायम कामगाराला सांगतो, आणि शीट त्या कायम कामगाराच्या नावावर भरली जाते.